व्हर्टस १.० घेऊ की १.५? सोलापूर-बार्शी-तुळजापूर रस्त्यांवर चालवणाऱ्यांनी सांगा

टॉवेलवाला_१३

नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, डोक्याचा पार भुगा झालाय. रोज रात्री कारखान्यातून आलो की जेवण आणि मग व्हिडिओ, पण सगळे व्हिडिओ पुण्यामुंबईचे नाहीतर दिल्लीकडचे, आपलं ऊन, आपले रस्ते, आपल्या उसाच्या ट्रॉल्या त्यातल्या एकानं पण बघितलेल्या नाहीत, म्हणून शेवटी इथं विचारतोय.

मी ३१ चा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. शाळेत असल्यापासून भिंतीवर स्पोर्ट्स कारची पोस्टरं लावायचो, वडील काही बोलायचे नाहीत पण दिवाळीला रंग देताना पोस्टर जपून काढून ठेवायचे. आज खरी दोन सीटची गाडी घ्यायची ऐपत नाही आणि घरात मी, बायको, पोरगी, आईबाबा अशी पाच माणसं. म्हणून चार दाराचीच पण चालवताना अंगात वीज येईल अशी पाहिजे. फोक्सवॅगनची व्हर्टस पक्की. मॅन्युअल पक्की. इंजिन ठरेना.

१.० म्हणजे ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११५ पीएस ताकद, १७८ एनएम टॉर्क म्हणजे ओढ. १.५ म्हणजे १४९८ सीसी, चार सिलिंडर, १५० पीएस, २५० एनएम. माझ्या कोटेशनमध्ये ऑन रोड दोन लाखाच्या वर फरक येतोय. तेवढ्यात कारखान्यात एक जुना माग बदलून होतो, म्हणून विचार करतोय, नाहीतर केला नसता.

रोजचं चालवणं जुळे सोलापूर ते एमआयडीसी. महिन्यातून दोनदा पुणे. दर पंधरा दिवसाला बार्शी, सासुरवाडी. आणि पौर्णिमेला तुळजापूर, आई चुकवत नाही. ज्यांनी दोन्ही चालवलीय त्यांनी मनापासून सांगा.

सात_रस्ता

१.५ घे भावा. माझ्याकडं २०१४ ची पोलो जीटी टीएसआय आहे, १.२ लिटर, चार सिलिंडर, १०५ पीएस, अजून पण सकाळी चालू केली की मन प्रसन्न होतं. गाडी माणूस दहा वर्षासाठी घेतो, हप्ता पाच वर्षात संपतो, पण "मोठं घेतलं असतं तर" हे राहिलेली पाच वर्षं टोचत राहतं. आमच्या गल्लीत दोघांचं झालंय असं.

बार्शी_लाइट

मी १.० मॅन्युअल तीन वर्षं चालवतेय, सोलापूर-वैराग-बार्शी आठवड्यातून दोन फेऱ्या, म्हणून हक्कानं लिहिते. गाडीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. एकटी असले की मस्त पळते, हायवेला १७-१८ चं ॲव्हरेज देते, गावात १२ च्या आसपास. मुळात वेगाला कायद्याची मर्यादा आहेच. ११५ पीएस त्याला कमी पडत नाही. दोन लाख मागात घाला, माग पैसे कमवून देईल.

फक्त एक. १.० ला ओव्हरटेक करताना विचार आधी करावा लागतो. समोर मोकळं दिसलं आणि लगेच निघाले असं होत नाही, आधी गिअर पाडायचा, आरपीएमचा काटा २००० च्या वर आणायचा, मग निघायचं. मला आता सवय झालीय, हात आपोआप जातो. पण घरातलं दुसरं कुणी चालवायला बसलं की मी शेजारी बसून सांगत असते, "आधी तिसरा टाक, आधी तिसरा टाक."

पार्क_चौक

कुणी विम्याचं बोललं नाही म्हणून लिहितो. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनच्या सीसीवर असतो, १००० पर्यंत एक, १००० ते १५०० दुसरा, त्याच्या वर तिसरा. जून २०२२ च्या दरपत्रकात नव्या गाडीच्या तीन वर्षाला पहिल्या गटात ६,५२१ आणि दुसऱ्यात १०,६४० होते. ९९९ आणि १४९८, दोन्ही इंजिनं बरोब्बर रेषेच्या आत बसतात. जीएसटीत मात्र फरक नाही, गाडी चार मीटरपेक्षा लांब असल्यामुळं इंजिन कुठलं पण घ्या, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्केच. म्हणजे तीन वर्षात चार हजाराचा फरक, त्यासाठी इंजिन बदलू नये.

शेंगाचटणी

मी मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या इंग्लंडमध्ये नोकरीला. धागा बघितला आणि राहवलं नाही. माझ्याकडं दोन वर्षं माझदा एमएक्स-५ होती, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, १.५ ची. तिला पण अगदी हाच प्रश्न असतो, १.५ की २.० आणि लोक वर्षानुवर्षं त्यावर भांडतात. १.५ ला १३१ पीएस. २.० ला आधी १६० होते आणि ६८०० पर्यंत फिरायचं, २०१८ ला सुधारून १८४ केले आणि ७५०० पर्यंत फिरायला लागलं. जपानमध्ये तर कापडी छपराच्या गाडीला बरीच वर्षं फक्त १.५ च द्यायचे आणि अमेरिकेत फक्त २.०.

मी १.५ घेतली आणि कधी पस्तावलो नाही. टर्बो नाही, गाडी जेमतेम टनभर वजनाची, मागच्या चाकांना ताकद. दुसऱ्या गिअरमध्ये ७००० पर्यंत खेचायची, इंजिन सुरात येतं, पुढं तिसरा, आणि एवढं करून पण वेग मर्यादेच्या फार बाहेर गेलेला नसतो. अख्खं इंजिन वापरायला मिळतं. २.० मध्ये अर्धी ताकद तशीच पडून राहायची.

पण मालक, हे ऐकून १.० घेऊ नका, हे सांगायलाच एवढं लिहिलं. "छोटं इंजिन पिळून चालवायची मजा" ही हलक्या आणि बिनटर्बोच्या गाडीची गोष्ट आहे. तुमची गाडी बाराशे किलोच्या आसपास, पाच माणसं धरली तर दीड टन. आणि छोट्या टर्बो इंजिनचा सगळा जोर मधल्या पट्ट्यात असतो, १.० ला ५५०० च्या पुढं पिळून हातात काही येत नाही, नुसता आवाज येतो. मागच्या वर्षी सुट्टीला आलो तेव्हा भावाची १.० चालवली, छान गाडी आहे, पण माझदातली ती मजा शोधत होतो ती त्यात नाही सापडली.

सात_रस्ता

वा, एक नंबर लिहिलंत. आवाजावरनं आठवलं, पोर्शनं २०१६ ला बॉक्सस्टर-केमन या स्पोर्ट्स कारचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडर टर्बो बसवलं. साध्या बॉक्सस्टरला आधी २.७ लिटर आणि २६५ पीएस होते, नवीन २.० ला ३००. कागदावर सगळंच चांगलं, पळायला पण जोरात. तरी लोक हळहळले, सहाचा तो आवाज गेला म्हणून. पुढं त्यांच्याच जीटीएस मॉडेलमध्ये ४ लिटरचं सहा सिलिंडर परत आणलंच ना त्यांनी.

गॅरेजवाला_अण्णा

सगळ्यांचं वाचलं. माझं गॅरेज आहे, २६ वर्षं झाली, दोन्ही इंजिनांचं काम हाताखालून जातं. जरा सविस्तर लिहितो, टाइप करायला मुलगी मदत करतीय.

तीन सिलिंडर आणि चार सिलिंडर हा फरक आधी समजून घ्या. इंजिनचे दोन फेरे म्हणजे ७२० अंश. चारमध्ये दर १८० अंशाला एक ठोका, तीनमध्ये दर २४० ला. मधली पोकळी मोठी, म्हणून १.० सिग्नलला उभी असली की गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बघा, बारीक थरथर हाताला लागते. हा दोष नाही, जातच तशी आहे. चालायला लागली की जाते.

आता टर्बो. टर्बो हा धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. इंजिन छोटं म्हणजे धूर कमी, पंखा जागा व्हायला वेळ लागतो. १.० चा पूर्ण टॉर्क १७५० ला मिळतो असं लिहिलेलं असतं, १.५ चा १६०० ला. वाचणाऱ्याला वाटतं दीडशेचाच फरक. पण हे पाय पूर्ण दाबून, पंखा फिरायला लागल्यावरचे आकडे. तुम्ही वैरागच्या अलीकडं ट्रॉलीच्या मागं २५ नं लोंबकळताय, गाडी तिसऱ्यात, काटा १३००-१४०० वर. त्या जागी टर्बो झोपलेलाच असतो, आणि त्या जागी नुसत्या ९९९ सीसीच्या जिवावर गाडी ओढायची आहे की १४९८ च्या, एवढाच प्रश्न असतो. दीडपट इंजिन आहे ते. फरक तिथं कळतो, हायवेला १०० वर नाही कळत.

आणि आपल्याकडचं ऊन. थंडीत २० अंशाला जी हवा असते तिच्यापेक्षा ४२ अंशाची हवा सहा-सात टक्के विरळ. टर्बो थोडं भरून काढतो, पण दाबलेली हवा अजून तापते, मग नॉकिंग म्हणजे इंजिनात खटखट होऊ नये म्हणून कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा टाकतो आणि गाडी जड वाटायला लागते. लोक मे महिन्यात येऊन सांगतात, "अण्णा, पिकअप गेलं," आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की पिकअप आपोआप परत येतं. दोन्ही इंजिनांना हे होतं. पण १.५ कडं शिल्लक जास्त, त्यामुळं तिथं जाणवत नाही. एसीचा कॉम्प्रेसर तेवढाच भार घेतो, तो १.० ला जास्त बोचतो.

ॲव्हरेजचं लोकांना उलटं वाटतं. १.५ मध्ये पायावर भार नसला की मधले दोन सिलिंडर बंद पडतात, मीटरवर दोन सिलिंडर असं दाखवतं. पुण्याला ९० नं एकसारखं गेलात तर १.५ आणि १.० मध्ये लिटरला जेमतेम एखाद किलोमीटरचा फरक. गावात मात्र १.५ जास्त पिते. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्यामुळं दोघींचंही थोडं उतरलंय, इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच उष्णता. आपल्याच जिल्ह्यातला ऊस आपल्याच टाकीत येतोय, त्याला मी नावं ठेवणार नाही.

माझं एकच सांगणं. शोरूमचा माणूस सकाळी १० ला, एकट्याला बसवून, सरळ रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणतो. त्यानं काही कळत नाही. दुपारी तीनला जा, घरची पाच माणसं बसवा, एसी दोनवर, आणि तुळजापूरचा घाट चढून या. दोन्ही गाड्यांनी. मग मला सांगा.

टॉवेलवाला_१३

अण्णा, लई उपकार झाले. मुलीला पण आभार सांगा.

गेले. काल १.० नं आणि आज १.५ नं. मार्चचा पहिला आठवडा पण ऊन ३८ च्या वर. शोरूमच्या पोराला हात जोडले, तो पण सोलापूरचाच, म्हणाला, "काय बे, घाटापर्यंत कोण नेतंय टेस्ट ड्राइव्हला," पण साहेबांना विचारून आला आणि दिली. पोरगी आईच्या मांडीवर म्हणून त्याला पण जागा झाली.

१.० तामलवाडीच्या टोलपर्यंत झकास. मला वाटलं उगाच दोन महिने घालवले. घाटात पुढं सिमेंटचा बल्कर, तो दुसऱ्या बाजूला सरला आणि मी चौथ्यात पाय दाबला, काहीच नाही, तिसरा टाकला, क्षणभर थांबली आणि मग एकदम निघाली. निघाली जोरात, त्यात वाद नाही. पण तो जो क्षण होता, तेवढ्यात मागून एक एसटी आली आणि हॉर्न दिला. आरशात बघितलं तर बाबांनी वरची कडी घट्ट धरलेली. बोलले काहीच नाहीत. उतरल्यावर विचारलं तर म्हणाले, "चांगली आहे की, पण घाई करू नको."

१.५ नं आज तीच जागा, तिसऱ्यातच होतो, पाय दाबला आणि पाठ सीटला टेकली. गिअरला हात लावला नाही. परत येताना उतारावर गिअरमध्ये पण जास्त धरून ठेवते असं वाटलं. ब्रेक दोन्हीला सारखेच, मागं ड्रमच, तिथं १.५ म्हणून वेगळं काही मिळत नाही.

आता उत्तर कळलं पण खिसा तोच आहे. माग पण बदलायचाच आहे, तो ऑर्डरवर अडलाय. काय करू सांगा.

बार्शी_लाइट

तुमचा घाटातला प्रसंग वाचला आणि पटलं. मी एकटी चालवते म्हणून माझं भागतं, पाच माणसं घेऊन वैरागच्या रस्त्याला मी पण कधी गेले नाही. मत बदलते. घरचे मागं बसणार असतील तर १.५.

एक सुचवू का? नवी छोटी घेण्यापेक्षा दोन-तीन वर्षं वापरलेली मोठी बघा. त्याच पैशात बसते, उलट थोडे उरतात.

गॅरेजवाला_अण्णा

ताई माझ्या तोंडातलं बोलल्या. १.५ मॅन्युअल २०२३ पासून मिळायला लागली, त्यामुळं शोधाल त्या तीनएक वर्षाच्या आतच असतील. पुण्यात जास्त मिळतील. घाई नको.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून थंड आहे याची खात्री करून मगच चावी फिरवा, गार इंजिन खरं बोलतं. टायरवर चार आकडे असतात, १८२३ असेल तर २०२३ चा १८ वा आठवडा. गाडी २८ हजार चालली म्हणतोय आणि टायर मागच्या वर्षीचे असतील तर विचारा का बदलले. काचांवरची वर्षं एकमेकांशी जुळवा. कूलंटच्या डब्याला कडेनं गुलाबी खपली आहे का बघा. सर्व्हिसच्या पावत्या सगळ्या मागा, वॉरंटी किती शिल्लक आहे आणि तुमच्या नावावर होते का ते लेखी घ्या. क्लच बघायला चौथ्यात ४० वर एकदम पाय दाबा, काटा वर पळाला आणि गाडी नाही पळाली तर क्लच गेलाय. मुंबईत नाहीतर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये राबलेल्या गाडीत हे सापडतं.

पैसे द्यायच्या आधी मला फोन करा. रविवार असेल तर मी स्वतः येतो, स्कॅनर घेऊन.

पार्क_चौक

एमएच १२ असो नाहीतर १४, महाराष्ट्रातलीच असेल तर नंबर तोच राहतो, नाव आणि पत्ता बदलून घ्यायचा फक्त. विम्यात नो क्लेम बोनस आधीच्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही, हिशोबात धरा. आणि मागच्या क्लेमची माहिती काढून घ्या.

टॉवेलवाला_१३

तीन बघितल्या. पहिलीच्या डाव्या दाराचा रंग हाताला वेगळा लागत होता. दुसरी अण्णांनी फोनवर पावत्या बघूनच नको म्हणून सांगितली, मधलं एक वर्ष कुठं सर्व्हिस झाली त्याचा पत्ताच नव्हता. तिसरी २०२३ ची, १.५ मॅन्युअल, ३१ हजार किलोमीटर, एकच मालक, वारज्यातले एक निवृत्त काका. चार वाजता पहाटे मी, बाबा आणि अण्णा निघालो. अण्णांनी तास-दीड तास गाडी बघितली, खाली झोपून बघितली, काका शेवटी स्वतःच चटई घेऊन आले त्यांच्यासाठी. मग अण्णा हात पुसत उठले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "घे."

नव्या १.० च्या ऑन रोडपेक्षा कमीत झाली. मागाचे पैसे राहिले. परत येताना भिगवणला मासे खाल्ले, अण्णांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला म्हणून जेवणाचं बिल तरी मी देतो म्हटलं तर ते पण बाबांनी आधीच देऊन टाकलेलं.

काल बार्शीला गेलो, घरचे सगळे. हंगाम संपत आलाय तरी ट्रॉल्या आहेत अजून. संध्याकाळी परतताना वैराग सोडलं आणि पुढं एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, काठोकाठ भरलेल्या, मागं दिवा नाही, फक्त एक लाल फडकं बांधलेलं. उसाची पानं रस्त्याला घासत होती. किलोमीटरभर त्याच्या मागंच राहिलो, समोरून दुधाचा टेम्पो गेला, दोन मोटरसायकली गेल्या, मग लांबपर्यंत रस्ता मोकळा दिसला. तिसऱ्यातच होतो. इंडिकेटर दिला, पाय दाबला, पहिली ट्रॉली, दुसरी ट्रॉली, ट्रॅक्टरवरच्या पोरानं हात केला, आणि आत आलो.

आरशात बघितलं. बाबा मान टाकून झोपलेले होते, उठले नाहीत.